डोळ्याने नाही, आकड्याने: रंगांध चित्रकाराने पिक्सेल-पात्राचे रंग कसे निवडावेत

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी माझ्या गेमसाठी एक छोटं पात्र काढायला घेतलं, पिक्सेलांचं, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचं. तान्ह्या पोळ्याला (आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो तो पोरांचा पोळा) लाकडी बैल ओढत निघालेला सात-आठ वर्षांचा पोरगा. १६ पिक्सेल रुंद, २४ उंच. डोक्यावर टोपी, अंगात सदरा, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला चाकांचा बैल, खाली गवत. दोन रात्री त्यात घालवल्या आणि धाकट्या बहिणीला दाखवला. तिने मोबाइल जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, "दादा, ह्या पोराला कावीळ झाली काय? असा पिवळा काहून दिसून रायला?"

मी रंगांध आहे. लाल-हिरव्यातला प्रकार, त्यातही हिरव्या बाजूचा. नंतर फाइल उघडून आकडे पाहिले तेव्हा काय झालं ते कळलं. गव्हाळ कातडी आणि गवताचा हिरवा, दोन्ही मला जवळजवळ एकच दिसतात. पोराचे पाय गवतात विरघळत होते, म्हणून मी कातडीचा रंग सरकवत गेलो आणि जिथे पाय वेगळे दिसले तिथे थांबलो. मला हवा होता उजळपणातला फरक. तो मी मिळवला, पण ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, काटा २३ अंशांवरून ४८ वर नेऊन. मला पोरगा उठून दिसायला लागला आणि बाकी जगाला आजारी.

ह्या एका चुकीतून पुढची सगळी पद्धत निघाली. ती सरळ आहे: उजळपणा आणि रंगछटा ह्या दोन गोष्टी एका वेळी ठरवायच्या नाहीत. आधी पहिली, मग दुसरी, आणि दुसरी डोळ्याने अजिबात नाही.

आधी आपला डोळा ओळखा

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात: लांब, मध्यम आणि आखूड तरंगांच्या. लांब तरंगांच्या पेशींत गडबड असेल तर प्रोटान, मध्यममध्ये असेल तर ड्यूटान, आखूडमध्ये असेल तर ट्रायटान. पहिले दोन मिळून आपण ज्याला लाल-हिरवा रंगांधळेपणा म्हणतो तो होतो. त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून तो पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांत पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के, बायकांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मुलाकडे तो आईकडून येतो, आणि बरेचदा आईच्या वडिलांकडून.

माझ्या बाबतीत तो तिथूनच आला असावा. काटोलला आजोबांची संत्र्याची बाग होती. तोडणीच्या दिवसांत बाकी लोक लांबूनच झाडावर बोट दाखवायचे, आजोबा मात्र फांदीखाली जाऊन फळ तळहातावर घ्यायचे, वजन पाहायचे, सालीची चमक पाहायचे. मला वाटायचं ते जाणकार आहेत म्हणून असं करतात. मीही पानांत संत्री शोधताना गोल आकार आणि चमकच शोधत होतो, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांची पाटी समोर आली आणि माझ्या आधीचा मुलगा धडाधड आकडे सांगत होता तिथे मला नुसते ठिपके दिसले, तेव्हा.

ती ठिपक्यांची पाटी म्हणजे इशिहारा चाचणी. शिनोबू इशिहारा ह्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली. नेत्रतज्ज्ञाकडे छापील पुस्तकावर करून घ्या, मोबाइलच्या पडद्यावर नको, कारण पडद्याचे रंग भरवशाचे नसतात. ती फक्त लाल-हिरव्यासाठी आहे हेही ध्यानात ठेवा. निळ्या-पिवळ्यातली गडबड तिच्यात सापडत नाही. रंगीत टोपणं क्रमाने लावायची डी-१५ नावाची दुसरी चाचणी असते, तिच्यातून प्रकार अधिक नीट कळतो.

प्रकार कळणं कशाला हवं? कारण खड्डे वेगळे असतात. ड्यूटान माणसाला लाल आणि हिरवा गोंधळात टाकतात, पण त्यांचा उजळपणा साधारण इतरांसारखाच दिसतो. प्रोटान माणसाला लाल रंग मुळातच काळपट दिसतो. भडक लाल सदरा त्याला जवळजवळ काळा वाटू शकतो. म्हणजे मी डोळे बारीक करून उजळपणा जोखू शकतो, प्रोटान मित्राने मात्र लालाच्या बाबतीत तेही करू नये. आणि आपण काय चूक करतो ह्याचा अंदाज आपल्यालाच असतो असं मानू नका. रसायनशास्त्रातला जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता. १७९४ साली त्याने त्यावर निबंध वाचला आणि कारण सांगितलं की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा. १८४४ मध्ये तो वारल्यावर डोळा उघडून पाहिला तर द्रव स्वच्छ होता. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्याची १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि तो ड्यूटान निघाला.

पडदा

हे पटकन. नाइट लाइट, आय कम्फर्ट, पडदा पिवळट करणारं जे काही असेल ते बंद. फोनमधली रंगांधांसाठीची कलर करेक्शन सोय चित्र काढताना बंद; ती रंग बदलून दाखवते, आणि आपल्याला फाइलमधला खरा रंग हवा आहे. रंगांधांसाठीच्या खास चष्म्यांचंही तसंच. घालून फिरा हवं तर, पण तो घालून पॅलेट, म्हणजे चित्राचा रंगसंच, ठरवू नका. काढण्यासाठी एसप्राइट घ्या, फुकट हवं तर लिब्रेस्प्राइट, पिक्सेलोरामा किंवा ब्राउझरमधलं पिस्केल. बघायचं एवढंच की रंगाचे आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) टाइप करता आले पाहिजेत.

पहिलं काम: चार करड्यांत पात्र उभं करा

१९८९ साली गेम बॉय हा हातात धरून खेळायचा खेळ आला तेव्हा त्याच्या पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके होते आणि छटा फक्त चार. रंग नाहीच. तरी लोकांना पात्रं ओळखू येत होती. आपणही तिथूनच सुरुवात करायची.

चार करडे घ्या: काळपट, गडद, मधला, उजळ. सगळं पात्र ह्या चारांतच पूर्ण करा. माझ्या पोरामध्ये बाह्यरेषा आणि केस काळपट, सदरा गडद, कातडी मधली, टोपी आणि बैल उजळ. आता झूम १०० टक्क्यांवर आणा आणि खुर्ची मागे सरकवून बघा. टोपी डोक्यापासून सुटी दिसते का? हात सदऱ्यावर आहे तिथे हात कळतो का? दोरी धरलेली मूठ? माझ्या जुन्या पात्रात बैल तपकिरी लाकडाचा होता आणि मूठ त्याच्या पाठीवरून जात होती. तपकिरीवर तपकिरी. करड्यांत ते ताबडतोब उघडं पडलं, म्हणून बैल पांढरट केला. रंगांत काढत बसलो असतो तर मुठीची छटा आणखी कुठेतरी सरकवली असती, आणि बहिणीने पुढचा रोग सांगितला असता.

इथे घाई करू नका. माझा निम्मा वेळ ह्या टप्प्यावर जातो, आणि हा असा टप्पा आहे जिथे माझा डोळा कुणापेक्षा कमी नाही.

उजळपणाचा हिशेब

आता प्रत्येक करड्याच्या जागी रंग बसवायचा, पण उजळपणा न बिघडवता. इथे एक सापळा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ह्यू, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा), व्हॅल्यू अशा तीन पट्ट्या असतात. व्हॅल्यू म्हणजे उजळपणा असं समजून आपण चालतो, पण तसं नसतं. शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा, तिघांचीही व्हॅल्यू १००. डोळ्याला मात्र हिरवा लख्ख, लाल मध्यम आणि निळा काळोखा.

त्यापेक्षा दूरदर्शनच्या काळापासून चालत आलेलं साधं सूत्र वापरा. लालाचा आकडा गुणिले ३०, हिरव्याचा गुणिले ५९, निळ्याचा गुणिले ११, तिघांची बेरीज भागिले १००. उत्तर ० ते २५५ मध्ये येतं. त्याला २५५ ने भागून टक्के काढा. शुद्ध हिरवा ५९ टक्के, लाल ३०, निळा फक्त ११.

माझ्या पोराची कातडी घ्या. लाल १८५, हिरवा ११६, निळा ७४. पहिला गुणाकार ५५५०, दुसरा ६८४४, तिसरा ८१४. बेरीज १३२०८, म्हणजे १३२. टक्क्यांत ५२. एकदा स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकून ठेवलं की पुन्हा गुणाकार करावा लागत नाही.

आता गवत. जुन्या फाइलमध्ये ते ७८-१४३-५८ होतं, म्हणजे ४५ टक्के. कातडी ५२, गवत ४५. बहिणीला हा सातचा फरक पुरतो, कारण तिच्यासाठी एक गव्हाळ आहे आणि दुसरं हिरवं. माझ्यासारख्याला तो पुरत नाही. एकमेकांना चिकटलेल्या दोन भागांत किमान १५ टक्के आणि पात्र व पार्श्वभूमीत २० टक्के अंतर, हा माझा ठोकताळा. शास्त्र नाही, चुकून-चुकून बसलेला अंदाज आहे. तुमचा थोडा वेगळा निघेल.

मग कातडीला हात न लावता गवत खाली उतरवलं: ४७-९०-६०, २९ टक्के. पाय सुटे झाले, आणि कातडी जिथल्या तिथे राहिली. पहिल्यांदाच हे केलं असतं तर कावीळ झालीच नसती.

पूर्ण चित्र एका झटक्यात तपासायचं असेल तर विंडोजच्या कलर फिल्टरमध्ये ग्रेस्केल निवडून त्याचा शॉर्टकट चालू करून ठेवा. मग विंडोज, कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की सगळा पडदा करडा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये सिम्युलेट कलर स्पेस आहे, तिथे मोनोक्रोमसी निवडा. प्रोटान मंडळींनी लालाच्या बाबतीत हा करडा पडदा आणि वरचं सूत्र ह्यांवरच विसंबावं, स्वतःच्या डोळ्यावर नाही.

कातडी

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. झाड थोडं चुकीचं हिरवं असेल तर कुणी बोलत नाही, पण चेहरा चुकला की पोरंसुद्धा हसतात.

ह्यू हे ० ते ३६० अंशांचं वर्तुळ आहे. ० लाल, ६० पिवळा, १२० हिरवा, १८० आकाशीकडे झुकणारा निळा-हिरवा, २४० निळा, ३०० जांभळट गुलाबी. माणसाची कातडी, गोरी असो, गव्हाळ असो की काळीसावळी, ह्या वर्तुळात एका छोट्या फाकेत बसते. मी मधली छटा १५ ते २८ अंशांच्या बाहेर जाऊ देत नाही. गोऱ्या-सावळ्यातला फरक हा मुख्यतः उजळपणाचा आणि थोडाफार सॅच्युरेशनचा आहे. सावळ्या पात्रासाठी मी ११०-६६-४८ वापरतो, ह्यू १७ अंश, उजळपणा ३० टक्के. गव्हाळ पोरगा २३ अंश, ५२ टक्के. दोघांचे ह्यू शेजारी-शेजारी आहेत. सावळा रंग हवा म्हणून ह्यू हलवायला जाल तर फसाल. फक्त उजळपणा खाली आणा.

मग सावली आणि उजेड. पिक्सेल-चित्रात सावली म्हणजे तोच रंग काळा मिसळून असं करत नाहीत, ह्यूही थोडा सरकवतात. डोळस चित्रकार हे नजरेने करतो, आपण अंशांनी करायचं. नियम असा: सावली २५० अंशांकडे सरकते, उजेड ६० अंशांकडे, दोन्ही वर्तुळावर जवळच्या वाटेने. एका पायरीला ५ ते १५ अंश पुरे.

कातडी २३ अंशांवर आहे. तिथून २५० ला जवळची वाट शून्यावरून मागे जाते, म्हणून सावली ९ अंशांवर: १२६-६७-५६, उजळपणा ३३. उजेड पुढे ३१ अंशांवर: २२७-१६८-१०७, उजळपणा ७०. तीन पायऱ्या ३३, ५२, ७०, अंतर सारखं. सदरा निळा, मधली छटा ४७-१११-१८१, ह्यू २११. सावली २२० वर, ३५-६४-१२२. उजेड २०६ वर, १११-१७९-२३२. आणि वर गवत उतरवलं तेव्हा तेही १०६ अंशांवरून १३८ वर नेलं होतं, ह्याच दिशेने, फक्त जरा जास्त. म्हणून ते मळकट न दिसता सावलीतलं दिसतं. असं बहीण म्हणते. मला विचाराल तर ते गवत आहे एवढंच कळतं.

नुसता उजळपणा वाढवायचा म्हणून हिरव्याचा आकडा चढवत नेणं, हीच माझी जुनी सवय. सूत्रात हिरव्याला ५९ चं वजन आहे, त्यामुळे तो चढवला की पटकन उजळ होतं आणि आपण खूश. पण लाल आणि हिरव्याचे आकडे जवळ आले की ह्यू ६० कडे पळतो. काविळीवाला पोरगा १७९-१६२-९० होता. कातडीत हिरवा आकडा लालाच्या तीन-चतुर्थांशाहून वर गेला की मी थांबून ह्यू पाहतो.

इतर खड्डे, ज्यांत मी पडून आलोय

तपकिरी म्हणजे काळोखा नारिंगी, २० ते ३५ अंश. ४५ च्या पुढे गेला की तो शेवाळी होतो आणि तुमचा लाकडी खांब ओलसर कुजका दिसतो. राखाडी हवा असेल तर तिन्ही आकडे सारखे ठेवा, किंवा निळा थोडा चढा. नजरेने जुळवलेला माझा राखाडी हटकून गुलाबी तरी निघतो नाहीतर हिरवट. निळा २४५ च्या पुढे गेला की लोक त्याला जांभळा म्हणायला लागतात, मला ३०० पर्यंत कळत नाही.

आणि साडी. आई इतवारीच्या बाजारात साडी घ्यायला जाते तेव्हा मी कधीमधी सोबत असतो. दुकानदार गठ्ठे टाकत जातो: राणी, मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, आबोली. मला त्यातले निम्मे मळकट वाटतात, पण नावं पाठ झालीत. गेममध्ये एक म्हातारी हवी होती, तिला राणी रंगाची साडी आणि मोरपंखी काठ दिला. राणी १९४-२४-९१, मोरपंखी १५-११०-१२२. माझ्या डोळ्याला एक पिवळसर मळकं, दुसरं निळसर मळकं. हिशेब केला तर राणी ३२ टक्के, मोरपंखीही ३२. म्हणजे करड्या पडद्यावर काठ गायब. आईला मात्र ही जोडी एकदम झ्याक वाटली.

इथे रंग बदलायची गरज नव्हती. दोघांच्या मध्ये एक पिक्सेलची जरीची रेघ टाकली, २४२-१९४-४८, उजळपणा ७५. खऱ्या साडीत काठाला जर असतेच. आता काठ मलाही दिसतो आणि आईलाही साडी तीच वाटते. मध्ये उजळ किंवा गडद रेघ घालणं हा उपाय पट्टे, कमरपट्टे, ढालीच्या कडा, कशालाही चालतो. फक्त १६ पिक्सेलांत एक पिक्सेल म्हणजे चैन आहे, जपून वापरा.

तयार पॅलेट

दर वेळी शून्यातून रंग काढण्यापेक्षा एक तयार पॅलेट घेऊन ते पाठ करणं आपल्यासारख्यांना सोपं पडतं. पिको-८ ह्या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं १६ रंगांचं पॅलेट मी पहिलं शिकलो. रंग ठरलेले, प्रत्येकाला नाव आणि क्रमांक. चुकीचा हिरवा निवडायला वावच नाही. डीबी-१६ आणि डीबी-३२ हीही जुनी, भरवशाची. लोस्पेक ह्या वेबसाइटवर हजारो सापडतील, त्यात हरवू नका.

पण तयार म्हणजे निर्धोक नव्हे. घेतल्या दिवशीच सगळ्या रंगांचे टक्के काढा आणि ज्या जोड्या जवळ येतात त्यांवर खूण करा. पिको-८ मध्ये तपकिरी १७१-८२-५४ हा ४१ टक्के आहे आणि गडद हिरवा ०-१३५-८१ हा ३५. खोड आणि पानं म्हणून ही जोडी अगदी सहज हाताखाली येते, आणि माझ्यासाठी ते झाड म्हणजे एक सपाट डाग असतो.

दोन संघ, मित्र-शत्रू, जीव वाढवणारं आणि जीव घेणारं फळ, असं काही वेगळं दाखवायचं असेल तर ओकाबे आणि इतो ह्या जपानी संशोधकांनी सुचवलेले आठ रंग बघा. त्यातला नारिंगी २३०-१५९-० आणि आकाशी ८६-१८०-२३३ ही जोडी लाल-हिरव्यात अडखळणाऱ्या डोळ्यालाही सुटी दिसते. नागपूरकराला हे वेगळं शिकवायला नको. आपल्या मेट्रोच्या दोन मार्गिका ऑरेंज आणि ॲक्वा आहेत. सीताबर्डीला गाडी बदलताना मी नकाशावर कधी चुकलो नाही. त्याच जागी लाल आणि हिरवी असत्या तर प्रत्येक वेळी कुणालातरी विचारलं असतं. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ज्या दोन मारबती (मिरवणुकीत नेऊन जाळायचे मोठे पुतळे) निघतात त्या कोणत्या? काळी आणि पिवळी. गर्दीत, धुरळ्यात, लांबून, कसाही डोळा असलेल्याला कळतील अशा. माझ्या गेममधल्या दोन मोठ्या शत्रूंना मी तेच रंग दिलेत. पिवळीच्या तोंडावर लाल रेघा होत्या, त्या पुन्हा मोजून काळपट केल्या.

ह्याउपरही आकाराचा आधार घ्या. विषारी फळाला रंग वेगळा द्याच, पण देठही वाकडा करा. खेळणाऱ्यांतही आपल्यासारखे असतातच.

रंगांची वही

ही माझी खरी संपत्ती. साधी दोनशे पानी वही, चार रकाने आखलेले: तीन आकडे, ह्यूचे अंश, उजळपणाचे टक्के आणि नाव. पहिले तीन मी भरतो. नावाचा रकाना मी भरत नाही. तो आई नाहीतर बहीण भरते, पडद्यावर मोठा चौकोन पाहून, माझ्याकडून काहीही न ऐकता. १४२-३१-६०, ३४४ अंश, २६ टक्के, पुढे आईच्या अक्षरात "डाळिंबी". एका ओळीत मी गव्हाळ समजून घातलेला रंग आहे आणि पुढे बहिणीने लिहिलंय, "मेथीचं पीठ".

नाव मराठीतच घ्या, घरात बोलतात तसं. कॉम्प्युटर देतो ती शेकडो इंग्रजी नावं मला काही सांगत नाहीत. पण "मेथीचं पीठ" म्हटलं की तो कातडीला चालणार नाही हे न बघता कळतं. दोन जणींची नावं वेगळी आली तर दोन्ही लिहा. मोरपंखी की चिंतामणी ह्यावरून आमच्या घरी अर्धा तास वाद झाला होता, तोही नोंदवला आहे. तो रंग मी सीमेवरचा समजतो आणि जिथे नेमकेपणा हवा तिथे वापरत नाही.

वहीत साठ-सत्तर रंग जमले की नवीन पात्राला फार थोडे नवे रंग लागतात. कातडीच्या चार तिकड्या, केसांच्या दोन, कापडाच्या दहा-बारा, लाकूड, माती, धातू. तिकडी म्हणजे सावली-मधला-उजेड अशा तीन ओळी एकत्र, कारण सुटा रंग उचलला की सावलीचा ह्यू पुन्हा अंदाजाने ठरवला जातो.

दुसरा डोळा कसा वापरायचा

"कसं दिसतंय?" असं विचारू नका. उत्तर "मस्त" येतं, आणि मित्र असेल तर "भारी बे" येतं. दोन्हींचा उपयोग शून्य. विचारायचं असं: ह्याच्या सदऱ्याचा रंग सांग. चेहऱ्याचा सांग. ह्यात कुठला रंग दोन ठिकाणी सारखा आहे? समोरच्याने जे नाव सांगितलं ते तुमच्या वहीतल्या नावाशी जुळलं की झालं. जुळलं नाही तर आकडे तपासा, त्याच्याशी वाद घालू नका.

रंगांधळेपणा दाखवणारे सिम्युलेटर इथे फारसे कामाचे नाहीत, म्हणजे निदान स्वतःसाठी. गिंप ह्या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या डिस्प्ले फिल्टरमध्ये ड्यूटान लावून मी माझं चित्र पाहिलं तर मला जवळजवळ तेच चित्र दिसतं. बहिणीला मात्र ते दाखवा. मला काय दिसतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ती थोडा वेळ गप्प बसली. तुमच्यासाठी कामाचा आहे तो ट्रायटानचा फिल्टर, कारण ती अडचण तुमची नाही आणि तिच्यात काय गळून पडतं हे तुम्हाला एरवी कळायचं नाही.

पोरगा पूर्ण झाला त्याची ही शेवटची यादी: बाह्यरेषा ३०-२७-४६, म्हणजे १२ टक्के, कातडी आणि सदरा वर दिले ते, टोपी जरीच्याच पिवळ्यात, ७५, बैल २३४-२२३-१९२, म्हणजे ८७, गवत २९. ह्यातला एकही रंग मी आवडला म्हणून घेतलेला नाही, तरी पाठवून दिल्यावर चित्रकार मित्राने पॅलेट मागितलं.

बहिणीला पुन्हा दाखवला. ह्या वेळी मी विचारलं, चेहऱ्याचा रंग सांग. "गव्हाळ." सदरा? "निळा." गवत? "हिरवं, सावलीतलं." मग तिने मोबाइल जवळ घेतला. "पण दादा, बैलाची शिंगं जांभळी काहून केली बे?"

शिंगं मी निळी रंगवली होती. पोळ्याला रंगवतात तशी, अगदी शेवटी, रात्री एक वाजता, मोजायचा कंटाळा करून. फाइल उघडली: ९६-६२-१५०, ह्यू २६३. वहीत ती ओळ होती, नावाचा रकाना कोरा. तिने पेन घेऊन तिथे "जांभळा" लिहिलं. शिंगं तशीच ठेवायला सांगितली, म्हणाली बैलाला शोभतात.